वाफ आधी ओळखायची, पाना नंतर

जुन्या गाडीत डॅशबोर्डच्या वरच्या फटीतून पांढरं काहीतरी वर येताना दिसलं की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. कारण त्या पांढऱ्या रेषेमागे खूप वेगवेगळी कारणं असू शकतात, एखादं अगदी निरुपद्रवी, एखादं खर्चात टाकणारं आणि एखादं थेट जिवावर बेतणारं, आणि दिसायला सगळं जवळपास सारखंच. गेले काही महिने मी याच एका प्रश्नात बुडालेली आहे, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितेय.

वाफ दिसली असं कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं असतं, "हीटर कोअर गेला." आणि बऱ्याच वेळा ते खरंही असतं. हीटर कोअर म्हणजे केबिनच्या आत, डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी-मिश्रण, त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, ती गरम हवा पायांवर नाहीतर काचेवर जाते. जुन्या गाड्यांमध्ये तो तांब्या-पितळेचा आणि सोल्डरने जोडलेला, त्यात वर्षानुवर्षं कूलंट बदललेलं नसलं की आतून कुरतडला जातो आणि एखाद्या सांध्यातून बारीक फवारा सुटतो. पण पंचाईत अशी की कित्येक क्लासिक गाड्यांमध्ये हा कोअर काढायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पन्नास-साठ वर्षं कुणी हात न लावलेलं वायरिंग, ठिसूळ झालेली प्लॅस्टिकची नळी, केबलांची टोकं, सगळं हलतं. म्हणजे निदान चुकलं तर जे बिघडलं होतं ते तसंच राहतं आणि जे चांगलं होतं ते बिघडतं, आणि म्हणूनच मला वाटतं की जुन्या गाडीच्या बाबतीत निदान हेच खरं काम आहे, पार्ट बदलणं त्यामानाने सोपं.

माझी गाडी साठच्या दशकातली, चार दरवाजांची सेडान, पाण्याने थंड होणारं साधं इंजिन, एसी नाही, हीटर आहे. वाफ यायची ती काचेच्या खालच्या डिमिस्टरच्या, म्हणजे काचेवर गरम हवा सोडणाऱ्या फटीतून, आणि फक्त एकाच बाजूने. इंजिन तापल्यावर थोड्या वेळाने सुरू व्हायची, काही वेळ यायची, काच खालच्या कोपऱ्यात पांढरी व्हायची, आणि मग आपोआप थांबायची. वास काहीच नाही. टेम्परेचरचा काटा जागेवर. आमचे मेकॅनिक काका, ज्यांनी ही गाडी माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलीये, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, डॅश सगळ्यात शेवटी. आधी ती वाफ कशाची आहे ते सांग."

कशाची आहे हे शोधण्याआधी एक पायरी आहे आणि ती कुणीही गाळू नये. आधी जिवावरचं बाजूला काढायचं. म्हणजे एक्झॉस्ट, पेट्रोल आणि वायरिंग, याच क्रमाने.

एक्झॉस्टचं बघा. एक लिटर पेट्रोल जळालं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. त्यामुळे थंड हवेत सायलेन्सरमधून जो पांढरा लोट दिसतो तो मुख्यतः पाणीच असतो, आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा गंजलेल्या पाइपमधून गळती असेल तर तीच पांढरी वाफ फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकांमधून आत येऊ शकते. पण तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला ना रंग ना वास, आणि जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप आल्यासारखं वाटणं, ही लक्षणं लांबच्या ड्राइव्हचा थकवा म्हणून सहज खपून जातात. म्हणून जुन्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा मीटर हवाच, आणि तोही आकडा सतत दाखवणारा. घरात लावायचे अलार्म मुद्दाम सावकाश वाजतात, युरोपियन स्टँडर्डप्रमाणे ५० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पन्नास भाग वायू असताना, तो एक तास तरी गप्प राहतो आणि ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान वाजतो, चालत्या गाडीत आपल्याला तेवढी वाट बघायची नसते. आणखी एक गोष्ट, मागची काच किंवा डिकी अर्धवट उघडी ठेवली म्हणजे हवा खेळती राहते असं वाटतं, पण धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि एक्झॉस्ट तिथूनच आत ओढला जातो. डिकीचं जुनं कडक झालेलं रबर हे या कारणासाठी बदलायचं, फक्त धूळ येते म्हणून नाही.

पेट्रोलची वाफ डोळ्यांना सहसा दिसत नाही, नाकाला कळते, आणि वास आला तर गाडी चालू करायची नाही, तिथे दुसरा विचारच नाही. वायरिंगचा धूर मात्र दिसतो, निळसर-पांढरा, आणि त्याचा वास घशात टोचतो. जुन्या गाड्यांमध्ये फ्यूज अगदी मोजके, कित्येक सर्किट फ्यूजशिवायच असतात, त्यामुळे वायर तापली तर ती तापतच राहते. आणि बॅटरी कुठे आहे तेही बघा, कारण ती नेहमी बोनेटखाली नसते. फोक्सवॅगन बीटलमध्ये ती मागच्या सीटखाली असते, १९७४ पर्यंतच्या एमजीबीमध्ये सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असायच्या. व्होल्टेज रेग्युलेटर अडकला आणि बॅटरी सतत चार्ज होत राहिली की ती उकळते, ॲसिडचे बारीक थेंब घेऊन वाफ बाहेर पडते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि हे सगळं तुमच्या पाठीमागे चाललेलं असतं.

हे सगळं बघून झालं, मीटरवर शून्य, वायरी गार, बॅटरी बोनेटखाली आणि ठीक. मग खरी मजा सुरू झाली. मजा म्हणतेय कारण मला हे काम मनापासून आवडतं.

मी ज्या पद्धतीने गेले ती अशी की वाफेला तीन प्रश्न विचारायचे, तुझा वास काय, तू काचेवर काय सोडून जातेस आणि तू कधी येतेस. कूलंटची वाफ असेल तर गोडसर वास येतो, कारण त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते पाण्याबरोबर बाहेर पडतं पण त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश, म्हणजे पाण्यापेक्षा कितीतरी वर, त्यामुळे पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल थंड काचेवर तेलकट थर बनून बसतं. ओल्या फडक्याने पुसलं की तो थर निघत नाही, पसरतो. साधं पाणी असेल तर टिश्यू फिरवला की काच स्वच्छ. ग्लायकॉल विषारी असतं आणि चव गोड, त्यामुळे गाडीखाली सांडलेलं कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका, हे जाता जाता.

पण तेलकट थर दिसला म्हणजे कूलंटच असं समजू नका हां. जुन्या गाड्यांच्या डॅशवरचं आणि सीटवरचं व्हायनिल उन्हात तापलं की त्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू उडतं आणि काचेवर येऊन बसतं, तोही थर तसाच चिकट, तसाच पसरणारा. फरक कसा करायचा तर काच आतून पूर्ण स्वच्छ करायची, हीटर लावून गाडी फिरवायची आणि थर कुठे येतो ते बघायचं. डिमिस्टरच्या फटींच्या बरोब्बर वर पंख्यासारखा आकार आला तर हीटरच्या हवेतून येतंय, सगळ्या काचेवर सारखा आला तर व्हायनिलमधून. माझ्या काचेवर कसलाच थर नव्हता. टिश्यू ओला झाला, वाळला, डाग नाही, वास नाही.

इथे थोडं आडवळण घेते, कारण गाडी कुठली आहे त्यावर अख्खं निदान फिरतं. बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाडीत कूलंटच नाही, त्यामुळे तिथे हीटर कोअर हा शब्दच काढायचा नाही. तिथे एक्झॉस्टच्या गरम पाइपभोवती पत्र्याचं आवरण असतं, त्यातून फिरलेली हवा केबिनमध्ये येते. त्यावर इंजिनचं तेल ठिबकलं की आत धूर येणार, आणि आतला पाइप गंजून फुटला की एक्झॉस्ट येणार. शेव्हरोले कॉर्व्हेअरचंही तसंच, १९६१ पासून तिच्यात इंजिनवरून आलेली गरम हवा थेट केबिनमध्ये घ्यायचे, आणि पुशरॉडच्या नळ्यांचे ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन तेल गळायला लागलं की जळक्या तेलाचा वास आणि धूर आत. नंतर लोकांनी जास्त उष्णता सोसणाऱ्या व्हायटॉनचे ओ-रिंग बसवून तो प्रश्न सोडवला. म्हणजे अशा गाडीत वाफ दिसली की ती थेट पहिल्या, जिवावरच्या गटात जाते.

उलट एसी असलेल्या गाडीत दिसणारी वाफ बहुतेक वेळा अगदी निष्पाप असते. दमट हवा इव्हॅपोरेटरवर, म्हणजे एसीच्या गार जाळीवर, अचानक थंड होते आणि तिच्यात मावेनासं झालेलं पाणी बारीक थेंबांचं धुकं होऊन व्हेंटमधून बाहेर येतं. ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, बाकीचं कुठंतरी जाणारच ना. गाडीतला कारखान्यात बसवलेला एसी पहिल्यांदा पॅकार्डने १९४० च्या मॉडेलमध्ये दिला, त्याचा इव्हॅपोरेटर मागच्या सीटच्या मागे होता आणि कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता, बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढायचा. मला अशा गोष्टी वाचताना त्या काळच्या इंजिनिअर लोकांबद्दल फार आपुलकी वाटते, काहीतरी पहिल्यांदा करून बघायची त्यांची हिंमत. एसीच्या धुक्याची खूण म्हणजे ते गार असतं, हवेत दोन वीत जाऊन विरतं आणि दमट दिवशीच येतं. मात्र कोरड्या दिवशीही येत असेल आणि व्हेंटच्या तोंडाशी तेलाचा हात लागत असेल तर इव्हॅपोरेटर गळतोय, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतंय.

आणि ज्या गाड्यांमध्ये पीसीव्ही, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इंजिनमध्येच ओढून जाळणारी व्यवस्था, नाही, म्हणजे ढोबळमानाने साठच्या दशकाच्या सुरुवातीआधीच्या, त्यात क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या त्या पोटातली, वाफ एका उघड्या नळीतून गाडीखाली सोडलेली असते. गाडी धावत असताना वारा ती खेचून नेतो, गाडी उभी राहिली की ती वर चढते आणि काचेसमोरच्या हवेच्या जाळीतून आत. थांबल्यावरच वास येतो, चालू लागल्यावर जातो, असं असेल तर आधी ही नळी बघायची. आणि ऑइल फिलरचं झाकण काढून किती धूर येतो तेही, कारण रिंगा झिजल्या असतील तर तो जास्तच येणार.

तर माझ्या गाडीत एसी नाही, तेलाचा वास नाही, काचेवर थर नाही. तिसरा प्रश्न राहिला, कधी येते. मी तारखा लिहायला लागले आणि त्यातून एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली की वाफ पावसानंतर येते. पावसात नाही, नंतर. पाऊस पडून गेला, गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती, दुसऱ्या दिवशी काढली की यायची. आठवडाभर कोरडा गेला की नाही.

दमटपणाने काच धुरकटते हे सगळ्यांना माहितीये. माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, त्यात चौघं बसलेले, सगळ्या काचा बंद, आणि जुन्या गाड्यांमध्ये हवा बाहेर जायला वेगळी वाटच नसायची. फोर्ड कॉर्टिनामध्ये १९६४ च्या शेवटी डॅशमधून हवा आत आणि मागच्या खांबांतून बाहेर अशी व्यवस्था आली आणि हळूहळू सगळ्यांनी ती उचलली, त्याआधी क्वार्टर ग्लास, म्हणजे दारातली छोटी तिकोनी काच, उघडा आणि नशिबावर सोडा. पण दमटपणाने काच सगळीकडे धुरकटते. एकाच फटीतून रेषा वर येत नाही. रेषा येते म्हणजे त्या फटीखाली काहीतरी गरम आहे आणि काहीतरी ओलं आहे, आणि दोन्ही एकाच जागी आहेत.

काकांनी मग हीटरच्या दोन्ही होज, म्हणजे कूलंटच्या रबरी नळ्या, काढल्या आणि इंजिनच्या बाजूला एका वळलेल्या पाइपने एकमेकींना जोडल्या, म्हणजे कूलंट कोअरमध्ये जाणारच नाही. पाऊस पडून गेल्यावर गाडी काढली, वाफ नाही. इथे बहुतेक जण म्हणतील की झालं, कोअरच गळत होता. मी यावर खूप विचार केला आणि मला हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. कारण कोअर बंद केल्यावर आपण दोन गोष्टी एकदम काढून घेतो, कूलंटही आणि उष्णताही. वाफ थांबली यावरून एवढंच कळतं की या दोनपैकी काहीतरी लागत होतं. कोअर गळत असेल तरी थांबेल, आणि कोअर ठणठणीत असून त्याच्यावर दुसरंच पाणी पडत असेल तरीही थांबेल. म्हणजे या टेस्टने आरोपी सापडत नाही, फक्त खोली सापडते.

मग गार इंजिनवर होज परत जागेवर लावून प्रेशर टेस्ट केली. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, कॅपवर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब द्यायचा आणि काटा बघत बसायचं. इथे जास्त दाब द्यायचा मोह टाळायचा. जुन्या गाड्यांच्या कॅप बऱ्याचदा ४ किंवा ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) असतात, त्या काळचा कोअर तेवढ्यासाठीच बनवलेला. दर एका पीएसआयमागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंश वाढतो म्हणून काही जण इंजिन उकळू नये यासाठी नव्या गाडीची १३-१५ पीएसआयची कॅप लावतात आणि जो कोअर आणखी बरीच वर्षं टिकला असता तो फोडून घेतात. आमचा काटा ७ वर ठेवला, चहा घेऊन आलो तरी ७ वरच. अंधारात यूव्ही टॉर्चनेही बघितलं, कारण हिरव्या कूलंटमधला रंग त्या उजेडात चमकतो. हीटर बॉक्सच्या, म्हणजे कोअर ज्या पेटीत बसतो तिच्या, खाली काही चमकलं नाही. पण बॉक्सचा तळ ओला होता.

त्यानंतर पाण्याचा डबा घेऊन काचेसमोरच्या जाळीत, जिथून हीटरची हवा आत जाते, तिथे एका बाजूने हळूहळू पाणी ओतलं. या जाळीखाली एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या, टोकाला रबराची चपटी चोच. एका बाजूचं पाणी लगेच चाकामागे खाली आलं. दुसऱ्या बाजूला ओतलं तर खाली काहीच नाही, आणि थोड्या वेळाने आत पायाशी टप टप आवाज. पानांचा चुरा आणि धूळ मिळून त्या चोचीत गाळ बसला होता, पाणी पन्हळीत साचायचं, हवेच्या तोंडाच्या कडेवरून सांडायचं आणि थेट हीटर बॉक्समध्ये. हीटर तर मी लावतच नव्हते, मग कोअर गरम कसा? तर कोअरमध्ये कूलंट सोडणारा हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. लिव्हर बंदवर ठेवून इंजिन तापवलं आणि दोन्ही होजना हात लावून बघितला, दोन्ही गरम. म्हणजे दोन छोटे दोष, एकटा असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता, एकत्र आल्यावर वाफ.

इंजिन तापवलं, पुन्हा त्या बाजूने पाणी ओतलं, आणि थोड्या वेळात तीच रेषा, त्याच फटीतून. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघण्यासारखं होतं. निदान झालं असं मी तेव्हाच मानते जेव्हा दोष आपल्याला हवा तेव्हा उभा करता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो. गाळ काढला, चोच धुतली, तेवढंच पाणी पुन्हा ओतलं, सगळं खाली. गरम इंजिन, लिव्हर बंद, वाफ नाही.

बाकीचं काम मात्र बरंच निघालं. मॅट उचलल्यावर खालचं नमद्यासारखं जाड अस्तर पूर्ण भिजलेलं, वरून हात लावला तर कोरडं वाटायचं. ते असं किती दिवस होतं कोण जाणे, खालच्या पत्र्यावर गंजाचे फोड आलेत. अस्तर काढून टाकलं, गंज घासून प्रायमर मारला, आणि फ्लोअर उघडाच ठेवलाय म्हणजे पुढच्या पावसात ओल आली तर लगेच दिसेल. व्हॉल्व्ह खोलून त्याची सीट बदलायची आहे, त्याच वेळी हीटरच्या दोन्ही होज आणि क्लिप नव्या घालणार, कारण त्या होज दाबल्या की आता कुरकुरतात. कोअरला हात लावायचा नाही असं आमच्या दोघांचंही ठरलंय. आणि पन्हळीची नळी साफ करायला तार वापरायची नाही, जाड नायलॉनची दोरी वापरायची, तारेने नळीच्या आतला रंग ओरखडला जातो आणि मग तिथूनच गंज धरतो, आणि त्या जागेचा पत्रा बदलायचा तर मडगार्ड उतरवावा लागतो.